बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे नाही



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. सकाळी आठचा सुमार. वारंगा फाट्यावर चहाच्या हॉटेलसमोर एक माणूस बाकड्यावर बसला होता. वय पन्नाशीच्या पुढे, आडतीवर पोती उचलणारा हमाल. चहावाल्याने नेहमीप्रमाणे विचारले, "मामा, कट का फुल?" मामांनी उत्तर दिले, पण ते कोणाला कळेना. शब्द नव्हते, नुसता गुरगुराट. हातातला ग्लास खाली पडला. बाजूचे हसले. एकजण म्हणाला, "सकाळीच टाकली वाटतं." दोघांनी मिळून त्यांना लिंबाखाली सावलीत झोपवले. उतरली की उठतील, असा सगळ्यांचा समज.

दुपारी एक वाजता लेक शोधत आली. बापाचे तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, उजवा हात उचलत नव्हता. ती ओरडली, "कामून बोलेना माझा बाप?" तिथून गाडी मिळायला वेळ, पैसे जमवायला वेळ. नांदेडला पोचेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. सीटी स्कॅन झाले. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टर म्हणाले, "गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ केव्हाच निघून गेली."

मामा दारू पीत नव्हते. पण मला त्याहून पुढचे सांगायचे आहे. ते पीत असते, तरी त्यांना दवाखान्यात न्यायलाच हवे होते. हमाल माणूस, अंगावर मळका सदरा, तोंडातून शब्द नीट येत नाहीत, म्हणजे प्यायलेलाच असणार, हा हिशोब आपल्या डोक्यात किती पटकन होतो! हाच माणूस पांढऱ्या कपड्यातला असता तर लोक धावले असते. आणि झोपवणाऱ्या दोघांपैकी एकजण आपल्याच वस्तीतला होता, म्हणून हे लिहिताना मी बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवत नाही.

या आजाराला नाव आहे

मेंदूला इजा झाल्यावर भाषा बिघडते, तिला वैद्यकात वाचाघात म्हणतात. पक्षाघातात अंग लुळे पडते, तसे वाचाघातात भाषा लुळी पडते. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. म्हणून उजवा हात-पाय गेलेल्या रुग्णाची वाचा गेलेली पुष्कळदा दिसते. कारण बहुधा अर्धांगवायूचे असते, म्हणजे रक्ताची गुठळी अडकणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे. अपघातात डोक्याला मार बसणे किंवा मेंदूतली गाठ यांनीही असे होते. आपल्या फाट्यावर तीन रस्ते मिळतात. एक अर्धापूरवरून नांदेडला, एक आखाडा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीला, एक हदगाव-उमरखेडकडे. हेल्मेट न घालता फिरणारी आपली पोरे रोज या रस्त्यांवर असतात. तेव्हा हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार समजू नका.

वाचाघाताचे सगळे रुग्ण सारखे नसतात. एखाद्याला सगळे कळते, पण शब्द तोंडावर येत नाही. पाणी हवे असते, तांब्याकडे बघतो, ओठ हलवतो, घामाघूम होतो आणि शेवटी रडतो. दुसरा भरभर बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही, आणि आपले बोलणेही त्याला नीट उमगत नाही. अशा माणसाला लोक सरळ वेडा ठरवतात. तिसऱ्याचे बोलणे बरे असते, पण नेमके नाव आठवत नाही. इळ्याला तो "ते कापायचं" म्हणतो. यातला कोणीही वेडा नाही, कोणाला बाहेरची बाधा झालेली नाही, आणि कोणी नाटकही करत नाही. वॉर्डात काम करताना मी असे रुग्ण पाहिले, ज्यांना आधी महिनाभर अंगारे-धुपारे करून मग आणले होते. बाबासाहेबांनी आपल्याला त्या वाटेवरून बाहेर काढले, तरी घाबरलेल्या घराचे पाय अजून तिकडे वळतात. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

जोड्यांचे साचे बनवणारा एक कारागीर

मेंदूच्या कुठल्या भागात भाषा असते हे जगाला समजले ते एका गरीब कारागिरामुळे. पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे रुग्णालय होते. तिथे एक माणूस २१ वर्षे पडून होता. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याची वाचा गेली. काहीही विचारले की तो "टॅन, टॅन" एवढेच म्हणायचा, म्हणून त्याचे नावच टॅन पडले. पण त्याला समजत होते. हाताच्या खुणांनी तो उत्तरे द्यायचा. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यचिकित्सकाने त्याला तपासले. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. त्या भागाला आजही ब्रोकांचे नाव आहे. पुढे १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी समजण्याशी निगडित असलेला मागचा भाग दाखवून दिला.

डॉक्टरांची नावे पुस्तकात अजरामर झाली. रुग्ण मात्र दीडशे वर्षे "टॅन" म्हणूनच ओळखला गेला. अलीकडे, २०१३ च्या सुमारास, पोलंडच्या एका अभ्यासकाने जुनी दप्तरे चाळून त्याचे पूर्ण नाव आणि धंदा शोधून काढला. लुई व्हिक्टर लेबोर्न, जोडे करणाऱ्यांसाठी लाकडी साचे बनवणारा कारागीर. जोड्याच्या धंद्याशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या समाजाला या माणसाबद्दल आपलेपणा वाटल्याशिवाय राहणार नाही. माझा मुद्दा साधा आहे. संशोधनाला रुग्ण लागतो आणि तो बहुतेक वेळा गरीब असतो. मग त्या संशोधनाचा फायदा गरिबाच्या दारापर्यंत यायला हवा की नको?

हैदराबादहून आलेली चांगली बातमी

आता जवळचे बोलू. वारंग्याहून नांदेड, नांदेडहून देगलूर आणि तिथून पुढे हैदराबाद. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. आजही आपली माणसे तिकडे मजुरीला जातात आणि मोठ्या आजाराला त्या शहराचा रस्ता धरतात. त्याच हैदराबादमधल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे निम्स या संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी भाषा आणि मेंदूचे आजार यांचा अभ्यास केला. पुढे त्या बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत प्राध्यापक झाल्या. त्यांच्यासोबत इंग्लंड-स्कॉटलंडकडचे अभ्यासकही होते. पण रुग्ण इथलेच होते. तेलुगू, उर्दू-दखनी, हिंदी, इंग्रजी बोलणारे, शिकलेले आणि अजिबात न शिकलेले.

२०१३ मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही हा फरक होता. म्हणजे हा निव्वळ पुस्तकी शिक्षणाचा परिणाम नव्हता.

२०१६ मध्ये अर्धांगवायूच्या ६०८ रुग्णांवरचा अभ्यास आला. आजारानंतर आठवण, लक्ष, विचार करण्याची शक्ती शाबूत राहिलेले रुग्ण एकभाषिकांमध्ये १९.६ टक्के होते, तर एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये ४०.५ टक्के. जवळजवळ दुप्पट. मात्र वाचाघात होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले, एकभाषिकांत ११.८ टक्के आणि बहुभाषिकांत १०.५ टक्के. म्हणजे दोन भाषा येतात म्हणून वाचाघात टळतो, असे कोणी समजू नये. पुढे २०१९ मध्ये याच अभ्यासकांच्या गटाने वाचाघात झालेल्या रुग्णांकडेच पाहिले. तेव्हा बहुभाषिकांत वाचाघाताची तीव्रता कमी आढळली. आघात चुकत नाही, पण मेंदूला दुसऱ्या वाटेने जायची सवय असेल तर सावरणे थोडे सोपे जाते, असा त्याचा अर्थ लावता येईल.

हे वाचून मला आपल्या वस्तीतली आजी आठवली. घरात आपली मराठी बोलते. शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यात दखनीत बोलते. तांड्यावरच्या बायांसोबत हळद काढायला जाते तेव्हा गोरमाटीत चेष्टा करते. मुलगा हैदराबादला असताना चार वर्षे राहून तेलुगूही उचलली. तिला सही येत नाही. जनगणनेच्या कागदावर ती निरक्षर. सगळे तिला "अडाणी" म्हणतात, तीसुद्धा स्वतःला तेच म्हणते. पण तिच्या मेंदूने जी कमाई केली आहे, ती या अभ्यासांच्या हिशेबात खरी कमाई आहे. कष्टकऱ्यांचे ज्ञान शाळेच्या दाखल्यावर दिसत नाही म्हणून ते नसतेच, असे नाही.

यातून आणखी एक धडा घ्या. इंग्रजी माध्यमात मुलगा घातला म्हणून घरात आजीची बोली बंद करू नका. इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा, ती आपल्या प्रगतीची भाषा आहे. पण एक भाषा आणायला दुसरी हाकलावी लागत नाही.

चाचणी कोणाच्या भाषेत?

आता माझी तक्रार. वाचाघात किती आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. त्यासाठी चाचण्या असतात. रुग्णाला चित्र दाखवून नाव विचारतात, वाक्य म्हणायला लावतात, सूचना देऊन कृती करायला सांगतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या नावाची ६० चित्रांची एक चाचणी जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यात बर्फाचे घर इग्लू आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे, हार्प नावाचे वाद्य आहे. वारंग्याच्या हमालाला इग्लूचे चित्र दाखवून "हे काय?" विचारले आणि तो गप्प बसला, तर बिघाड त्याच्या मेंदूत आहे की आपल्या चाचणीत?

हे आपल्याकडच्या संशोधकांनाही कळले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या शिक्षणाच्या लोकांत वापरता येईल असा मेंदूच्या क्षमतेच्या चाचण्यांचा संच तयार करवला. डॉ. अल्लाडी त्या कामात होत्या. चित्र पाहून नाव सांगायची चाचणीही त्यात आहे. या संचाची तपासणी झाली त्या पाच भाषा म्हणजे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. या पाचांत मराठी नाही. एवढ्या मोठ्या राज्याची भाषा, आणि पहिल्या पंगतीला तिचे पान नाही!

मराठीत काहीच काम होत नाही असे मी म्हणणार नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवणाचे तज्ज्ञ घडतात. पण ते काम फाट्यापर्यंत पोचत नाही. आणि पोचले तरी ते कोणत्या मराठीत पोचणार, हा प्रश्न राहतोच. आपण शेताला वावर म्हणतो, खाटेला बाज म्हणतो, भाकरीला भाकर म्हणतो. चाचणी घेणाऱ्याच्या कागदावर पुण्याचा शब्द असेल आणि आपली माय आपला शब्द बोलली, तर तिचे उत्तर चूक धरणार का? ज्या घराने कधी वही-पेन हातात धरला नाही, त्या घरातल्या रुग्णाला "वाचून दाखवा, लिहून दाखवा" म्हणून गुण कापणार का? भाषेचा आजार मोजायचा तर आधी रुग्णाच्या भाषेला मान द्यावा लागतो.

"आधी सीटी स्कॅन द्या, मग संशोधन करा"

वस्तीतल्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एका भावाने विचारले, "ताई, इथे वेळेवर गाडी मिळत नाही आणि तुम्ही चाचण्या, संशोधन कशाला सांगता?" प्रश्न रास्त आहे. एका रुपयाचे भांडण असेल तर आधी गाडी आणि आधी सीटी स्कॅन, हे मलाही मान्य आहे.

पण दोन गोष्टी त्या भावाला सांगितल्या त्या इथेही सांगते. पहिली, मामा वाचले. वाचलेल्या माणसाचे पुढे काय? त्यांचे दहा-वीस वर्षांचे आयुष्य बाजेवर, कोणाशी न बोलता जायचे का? जीव वाचवणे हे अर्धे काम झाले. दुसरी, ज्यांचे मोजमाप होत नाही त्यांच्यासाठी पद मंजूर होत नाही. हिंगोली जिल्ह्यात वाचाघाताचे किती रुग्ण आहेत हे कोणी मोजलेच नाही, तर वाचा-उपचारतज्ज्ञ मागायचा कशाच्या जोरावर? आपल्या चळवळीने हेच शिकवले की आकडा हातात घेऊन दाराशी गेले पाहिजे.

संशोधकांनाही एक सांगणे आहे. आमच्या वस्तीत या, आम्ही चटईवर बसवू, चहा पाजू. पण काय तपासणार, त्याचे पुढे काय करणार, आणि निकाल आम्हाला आमच्या भाषेत सांगणार का, हे आधी बोला. बोलता न येणाऱ्या रुग्णाची संमती चित्राने, खुणेने, वेळ देऊन घेता येते. लेकाची सही घेऊन मोकळे होऊ नका. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावे, की संशोधनाला "नाही" म्हणायचा हक्क आपल्याला आहे, आणि नाही म्हटले म्हणून उपचार थांबवता येत नाही.

घरात काय करायचे

आधी त्या पहिल्या तासाचे. तोंड वाकडे, एक हात खाली पडतो, बोलणे अडखळते किंवा समजत नाही, चालताना तोल जातो, अचानक दिसेनासे होते. यातले एक जरी चिन्ह अचानक दिसले तर घड्याळात वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. शेवटचा चांगला बोलला तो वेळ डॉक्टरला सांगा. गुठळीमुळे झालेला आघात असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या, मधे दोन खासगी दवाखाने फिरू नका. मोठ्या शहरांत काही रुग्णांची गुठळी नळी घालून नंतरही काढतात, पण त्या भरवशावर बसू नका. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जाते. नस चोळणे, कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नका. आणि कोणी "प्यायलाय" म्हणाले, तरी हात वर करायला लावून बघा.

घरी आणल्यावर पुढच्या गोष्टी पाळा. यांना पैसा लागत नाही.

बोलताना टीव्ही बंद करा आणि एका वेळी एकाच माणसाने बोला. समोर बसा, वाक्य छोटे ठेवा. ओरडू नका, त्याचे कान गेलेले नाहीत. "चहा पाहिजे का?" असे विचारा, म्हणजे मान हलवून उत्तर देता येते. पण "हो" आणि "नाही" यांतही घोटाळा होतो, म्हणून कप दाखवून खात्री करा. त्याला वेळ द्या, मनात दहापर्यंत मोजा, शब्द तोंडातून ओढू नका. पुठ्ठ्यावर भाकर, पाणी, संडास, औषध, दुखते, झोप अशी चित्रे काढून बाजेजवळ टांगा. चित्रे नातवंडांना काढू द्या, त्यांचीही भीती जाते. रुग्णाला जेवढ्या भाषा येत होत्या त्या सगळ्यांत बोलून बघा. कधी कधी एक भाषा दुसरीच्या आधी परत येते. लहान पोराशी बोलतो तसे त्याच्याशी बोलू नका, आणि त्याच्यासमोर "आता याचं काही खरं नाही" असे तर कधीच म्हणू नका. त्याला कळते.

आणखी एक गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली. वाचाघाताच्या पुष्कळ रुग्णांना स्वतःचे वाक्य जुळवता येत नाही, पण पाठ असलेले आणि चालीवरचे शब्द येतात. कारण पाठांतर आणि गाणे यांत मेंदूचे इतर भागही काम करतात. याचाच आधार घेऊन १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये सुरावर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत निघाली. आपल्या मामांना चार महिने "हाव" या एका शब्दापलीकडे काही येत नव्हते. एका पौर्णिमेला लेकीने त्यांना विहारात आणून बसवले. सगळ्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि मामांच्या तोंडून, थोडे तुटक, थोडे मागे राहून, पण शब्द बाहेर पडले. लेक रडायला लागली. हा चमत्कार नव्हता, आणि कोणी त्याला चमत्कार म्हणू नये. मेंदूची जी वाट शाबूत होती त्या वाटेने ते शब्द आले. म्हणून रुग्णाला वंदनेला आणा, भीमगीतांच्या कार्यक्रमाला आणा, एक ते दहा आकडे त्याच्यासोबत मोजा. एवढ्याने वाचा पूर्ण परत येत नाही. पण तिथून सुरुवात करता येते, आणि माणूस घराबाहेर पडतो हे तर आहेच. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, पण नंतर थांबतेच असे नाही. वर्षांनंतरही नवे शब्द आलेले रुग्ण आहेत.

कायदा आपल्या बाजूने आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. त्यात "वाचा आणि भाषा दिव्यांगता" हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येतच वाचाघाताचा उल्लेख आहे. ही गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते, आणि कधी कधी खिडकीमागे बसलेल्यालाही नसते. मामांच्या लेकीला एका कार्यालयात सांगितले गेले, "बोलता येत नाही हे काही अपंगत्व नाही, हात-पाय तपासून आणा." तुम्हाला कोणी असे म्हणाले तर या कायद्याचे नाव आणि वर्ष सांगा. वाचा कायमची बाधित राहिली असेल तर प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा अर्ज करा. हाता-पायाची आणि वाचेची, दोन्हींची तपासणी मागा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता ठरली तर पुढच्या योजनांची दारे उघडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसीलला करा. दवाखान्यात भरती असतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा.

आणि अंगठ्याबद्दल. वाचाघात झालेल्या माणसाचा अंगठा धरून कागदावर उठवणे हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. वावराचा तुकडा, घराची जागा, बँकेतले पैसे. "त्याला काय कळतंय" असे म्हणून सख्खे लोक हे करतात. त्याला कळत असते, फक्त ओरडता येत नाही. कागद त्याला वाचून, समजावून, चार लोकांसमोर खुणेने होकार घेतल्याशिवाय अंगठा घेऊ नका. कोणी घेत असेल तर शेजाऱ्यांनी अडवा.

आपण काय मागायचे

माझ्या तीन मागण्या आहेत. त्या वस्तीच्या बैठकीत, विहारात, ग्रामसभेत मांडा.

एक, हिंगोलीच्या जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात मोठ्या माणसांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद भरा आणि आठवड्यातून एक दिवस तो कळमनुरीला बसवा. मुलांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असे पद असते. मुलांना द्यायलाच हवे, पण हमालाच्या वाचेलाही किंमत आहे.

दोन, आशाताईंना अर्धांगवायूची चिन्हे आणि वाचाघात झालेल्या घराला द्यायचा सल्ला शिकवा. त्या दारोदार जातातच. बीपी आणि साखर तपासणीसोबत हे जोडता येते. तंबाखू, गुटखा, दारू आणि अर्धवट सोडलेली बीपीची गोळी, या चार गोष्टींनी आपल्या वस्तीतल्या किती माणसांची वाचा घेतली, हे त्या घराघरांत जाऊन सांगू शकतील.

तीन, वाचेच्या चाचण्या मराठीत आणि मराठवाड्याच्या बोलीतही तयार करा, न शिकलेल्या माणसाला धरून. चित्रात इळा ठेवा, खुरपे ठेवा, सूप ठेवा, बाज ठेवा. आपल्या समाजातून शिकून पुढे गेलेली मुले-मुली आता मानसशास्त्र, भाषाशास्त्र, वैद्यक शिकत आहेत. त्यांनी हा विषय घ्यावा. वाचा आणि श्रवण उपचाराची पदवी बारावी विज्ञाननंतर करता येते, हेही मुलांना सांगा. परिचारिका होणे माझ्या आईला मोठे वाटले होते. तुमच्या मुलीने या विषयात संशोधक व्हावे, असे मला वाटते.

१९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पाक्षिकाचे नाव "मूकनायक" ठेवले. त्या काळी समाजाला तोंड होते, पण कोणी बोलू देत नव्हते. आज आपल्यातलाच एखादा माणूस मेंदूच्या आघाताने गप्प झाला, तर त्याला गप्प ठेवण्याचे काम निदान आपण करू नये.

मामा आता रोज संध्याकाळी काठी टेकत हॉटेलवर येतात. चहावाला दोन्ही ग्लास समोर धरतो. मामा बोट लावतात. परवा त्यांनी बोट लावता लावता "फुल" म्हटले. सगळे हॉटेल थांबले होते. या वेळी कोणी हसले नाही.

जयभीम.